लाद्या फोडू नका, आधी ओल बघा

बडोद्यातलं घर विकायचं ठरलं, की आठवड्याभरात सल्ले सुरू होतात. लाद्या बदला. स्वयंपाकघर मॉड्युलर करून घ्या. बाथरूम नवी करा आणि मग भाव मागा.

माझं सांगणं उलटं आहे. मोठं काम काढूच नका.

कारण साधं आहे. तुमचं घर घेणारा माणूस राहायला येताना आपल्या पसंतीच्या लाद्या बसवणारच. त्याच्या घरची बाई ओटा आपल्या उंचीचा करून घेणार. तुम्ही दोन महिने धूळ खाऊन केलेलं काम तो पहिल्या महिन्यात उखडेल. त्यात घातलेला पैसा भावात परत मिळेल याचा भरवसा नाही. घरात म्हातारी आई असेल, तर त्या दोन महिन्यांत तिचे जे हाल होतात ते आणखी वेगळे.

मग घेणारा बिचकतो कशाला? भिंतीच्या ओलीला. गळणाऱ्या नळाला. लोंबत्या वायरीला. आणि सगळ्यात जास्त, अर्धवट कागदांना. तुमचा वेळ आणि पैसा तिथे घाला. बाकीचं घर स्वच्छ आणि मोकळं करून दाखवा, तेवढं पुरतं.

सुरुवात कागदांपासून करा. रंगाऱ्याला बोलावण्याआधी बहिणीला फोन करा.

हे मी मुद्दाम आधी सांगतो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातली आपल्या मराठी मंडळींची कितीतरी घरं अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत. वीजबिल एकाच्या नावाचं, वेऱ्याचं (घरपट्टीचं) बिल दुसऱ्याच्या, आणि प्रॉपर्टी कार्डावर तिसरंच नाव. घरात राहताना याचं काही अडत नाही. विकताना सगळं तिथेच अडतं.

वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर आईचा, मुलांचा आणि मुलींचा सारखा हक्क असतो. बहीण लग्न होऊन पुण्याला गेली, तिनं कधी काही मागितलं नाही, तरी तिची सही लागतेच. तलाठ्याकडून पेढीनामा, म्हणजे वंशावळ, करून घ्या. सिटी सर्व्हेच्या दप्तरात वारसांची नावं चढवा. कुणाला आपला हिस्सा सोडायचा असेल, तर हक कमीचा दस्त रजिस्टर करा. तोंडी ‘मला काही नको’ याला कचेरीत किंमत नाही. आणि बहिणीला हिस्सा हवा असेल, तर तो तिला आनंदानं द्या. घेणारा दारात उभा असताना भावंडांत वाद निघाला, तर व्यवहार जातो आणि माणसंही जातात.

मुलगा परदेशात असेल आणि त्याचं नाव कागदावर असेल, तर मुखत्यारपत्राचं काम आजच सुरू करा. तिथल्या भारतीय वकिलातीत त्याला त्यावर सही करावी लागते. तो कागद भारतात पोचला, की तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला स्टॅम्प लावून घ्यायचा असतो. शिवाय अनिवासी माणूस घर विकतो, तेव्हा घेणाऱ्याला बराच जास्त कर कापावा लागतो. तो कमी कापला जावा म्हणून आयकर खात्याकडून आधी दाखला काढता येतो. या कामाला वेळ लागतो. सीएला आताच विचारा.

आता एक जाड फाइल घ्या आणि तीत हे सगळं ठेवा. मूळ दस्तावेज. इंडेक्स-टूची नक्कल. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा. महानगरपालिकेनं मंजूर केलेला नकाशा आणि रजा चिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी. फ्लॅट असेल तर बीयू (वापराची) परवानगी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि काही बाकी नसल्याचा दाखला. वेऱ्याची, विजेची, गॅसची शेवटची भरलेली बिलं. घरावर कधी कर्ज काढलं असेल, तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र. ते पत्र मिळालं तरी बँकेचा बोजा दप्तरातून उतरला का, हेही बघून घ्या. पुष्कळ घरांत कर्ज फिटून वर्षं झालेली असतात आणि बोजा मात्र तसाच असतो.

मागे खोली वाढवली असेल, बाल्कनी बंद केली असेल, तर ते नकाशात आहे का? इम्पॅक्ट फी भरून ते नियमित करून घेतलं असेल, तर ती पावती फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवा.

तुमचा भाग अशांत धाऱ्याखाली येतो का, याची चौकशी करा. हा गुजरातचा 1991 चा कायदा आहे आणि बडोद्याचे पुष्कळ भाग त्याखाली आहेत. त्या भागातलं घर कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि विकलं तर तो व्यवहार कायद्यानं धरला जात नाही. परवानगीला वेळ जातो. घेणाऱ्याला तारीख देण्याआधी हे वकिलाकडून समजून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून बघा. बडोदे संस्थान 1949 साली मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच्या आधीची खरेदीखतं संस्थानच्या स्टॅम्पावर असतात, काही मोडीत लिहिलेली असतात. आजच्या पिढीला ती वाचता येत नाहीत, म्हणून ती रद्दीत जातात. जुन्या वाड्याची मालकी कुठून आली हे दाखवणारा तो एकमेव कागद असू शकतो. मोडी वाचणारा माणूस शोधा, देवनागरीत नक्कल करून घ्या आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात जपा.

ट्रंक उघडलीच आहे, तर आता घर मोकळं करायला घ्या.

रोज एकच खोली घ्या. तीन ढीग करा: बरोबर न्यायचं, द्यायचं, टाकायचं. तुटक्या खुर्च्या, बंद पडलेला कूलर, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, लग्नातल्या जुन्या आहेरांची खोकी, हे सगळं आधी बाहेर काढा. घरातलं तीस टक्के सामान कमी झालं, तरी खोली मोठी दिसते. त्यासाठी एक भिंतही पाडावी लागत नाही.

मराठी पुस्तकं मात्र किलोवर घालू नका. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीराव महाराजांनी 1910 साली सुरू केलं. आपली मराठी वाङ्मय परिषदही गावात आहे. आधी फोन करून, यादी दाखवून विचारा. त्यांना नको असतील, तर ओळखीच्या वाचणाऱ्या घरात द्या.

हॉलमधला झोपाळा काढू नका. बडोद्यात घर बघायला आलेला माणूस गप्पा मारता मारता झोपाळ्यावर टेकतोच. तो टेकला, की दहा मिनिटं जास्त थांबतो. त्या दहा मिनिटांत तो आपलं सामान मनातल्या मनात तुमच्या हॉलमध्ये लावून बघतो. म्हणून कड्यांना तेल द्या. पितळी असतील तर चिंच-मिठानं घासून लखलखीत करा. वरचा आकडा घट्ट आहे ना, हे सुताराकडून तपासून घ्या.

आता ओल.

भिंतीवर लोणा लागलेला असतो, पापुद्रे सुटलेले असतात, आणि आपण त्यावर रंगाचा हात मारून मोकळे होतो. तसं करू नका. पंधरा दिवसांत फुगा परत येतो, आणि बरोबर त्याच दिवशी घेणारा दारात उभा राहतो. ताजा रंग आणि त्यावर फुगा हे दोन्ही एकत्र दिसलं, की तुम्ही काहीतरी लपवताय असं त्याला वाटतं. मग तो चांगल्या भिंतींकडेही संशयानं बघतो.

ओल कुठून येते, ते आधी शोधा. गच्चीवरून येते का हे बघायला पाण्याची वाट कापडाच्या बोळ्यानं बंद करा, गच्चीत दोन-तीन इंच पाणी भरा आणि दोन दिवस खालच्या छताकडे लक्ष ठेवा. जुनं छत कमकुवत वाटत असेल, तर मात्र असं पाणी भरू नका, मिस्त्रीला बोलवा. नळाच्या पाइपातून येते का हे बघायला रात्री सगळे नळ बंद करा, टाकीतल्या पाण्याची खूण करा आणि सकाळी बघा. पाणी खाली गेलं असेल, तर पाइप कुठेतरी गळतोय. बाथरूमच्या मागची भिंत ओली असेल, तर बहुतेक वेळा लाद्यांमधल्या फटी उघड्या पडलेल्या असतात. त्या फटी भरायला एक माणूस आणि एक दिवस पुरतो. अख्खी बाथरूम फोडायची गरज नसते.

पाइपाच्या बुंध्याशी, गच्चीच्या कठड्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल, तर मुळासकट काढा आणि भेग बुजवा. नुसतं वरून कापलं, तर पुढच्या पावसाळ्यात ते परत येतं आणि भेग आणखी रुंद होते.

कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, की सुटलेलं प्लास्टर खरवडा. भिंत पुरती वाळू द्या. हात ठेवून गार लागत असेल, तर अजून वाळलेली नाही. मग नवा गिलावा करा, तोही वाळू द्या, आणि शेवटी रंग. ही कामं एप्रिल-मे महिन्यांत करा. ऊन फुकट मिळतं. पावसाळा कोरडा काढलेलं घर ऑक्टोबरमध्ये दाखवलं, तर तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

बडोद्यात आता प्रत्येक घेणारा एक प्रश्न विचारतो: ‘पाणी आलं होतं का?’

ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री 35 फुटांच्याही वर गेली. धोक्याची खूण 26 फुटांवर आहे. सयाजीगंज, फतेगंज, समा, आकोटा, कारेलीबाग, कितीतरी भागांत लोक घरात अडकले. त्याआधी 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला होता. हे गावातल्या पोराटोरांना माहीत आहे. तुमच्या घरात पाणी आलं असेल, तर सरळ सांगा. कोणत्या साली, किती पायऱ्या, किती तास. भिंतीवर खूण असेल तर ती दाखवा. पुरानंतर तुम्ही मीटर उंचावर घेतला, खालचे सॉकेट वर नेले, दाराला उंच उंबरा केला, तर तेही दाखवा.

खोटं बोलून फायदा नाही. समोरचा माणूस शेजारच्या दुकानात एक चहा घेतो आणि सगळं कळून घेतो. शिवाय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातच म्हटलं आहे, की घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. आणि पाणी आलं नसेल, तर तेही ठासून सांगा. आज बडोद्यात त्या एका वाक्याला भाव आहे.

यानंतर छोटी कामं. एक दिवस प्लंबर बोलवा, एक दिवस वायरमन, एक दिवस सुतार. गळके नळ, सतत वाहणारी फ्लशची टाकी, तुंबणारी मोरी. खरखरणारे पंखे, सैल स्विच, टेपनं गुंडाळलेले जोड. अडकणारी दारं, लागत नसलेल्या कड्या, फाटलेली मच्छरजाळी. यातलं एकेक काम किरकोळ आहे. पण घेणारा नळ सोडून बघतो, दार लावून बघतो, स्विच दाबून बघतो. तीन ठिकाणी अडलं, की तो मनाशी म्हणतो, या घराकडे कुणाचं लक्ष नाही. मग भाव पाडून मागतो.

बोअरच्या पाण्यानं नळांवर आणि लाद्यांवर पांढरा थर बसतो. लिंबाची फोड किंवा व्हिनेगर लावून ठेवा, अर्ध्या तासानं घासा. मात्र कोटा किंवा संगमरवर असेल, तर त्यावर आंबट काही लावू नका, डाग पडतात. जुन्या मोझेकच्या लाद्यांना आणि कोट्याला पॉलिश करून घ्या. तशा टिकाऊ लाद्या आता नवीन घरात फारशा बघायला मिळत नाहीत.

रंग सगळ्या घराला नको. हॉल, स्वयंपाकघराचं काळवंडलेलं छत आणि पुढचं दार, एवढं बस्स. रंग फिकाच घ्या.

तुमचं घर जुना वाडा असेल, कोरीव खांब आणि सागवानी तुळया असतील, तर लाकडावर ऑइलपेंट फासू नका. असलेला रंगही घाईनं खरवडू नका. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली भिंतीवरची चित्रं आज पुरातत्त्व खातं सांभाळतंय, लोक लांबून बघायला येतात. तुमच्या वाड्यात चित्रं नसतील, पण कोरीव काम ओळखणारा एखादा ग्राहक येऊ शकतो. लाकूड कोरड्या फडक्यानं पुसा, वाळवी असेल तर औषध मारून घ्या, आणि तसंच राहू द्या.

बघायला माणसं येतील त्या दिवशी खिडक्या सकाळीच उघडा. दिवसाउजेडी बोलवा. तसबिरी, देवघर जागेवर असू द्या, फक्त नीट पुसलेलं असू द्या. त्या दिवशी सुकट किंवा बोंबील तळू नका. गावात जैन, वैष्णव कुटुंबं पुष्कळ आहेत, दारातच त्यांचं मन फिरतं. आपल्या खाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, एक दिवस पुढे ढकलायचं, इतकंच.

घरात एकटी बाई किंवा वयस्कर माणसं असतील, तर शेजारच्या कुणाला तरी त्या वेळेला बोलावून ठेवा. कपाटांना कुलूप लावा. दागिने आधीच लॉकरमध्ये ठेवा. मूळ दस्तावेज कुणाच्याही हातात देऊ नका, दलालाच्यासुद्धा नाही. आधी झेरॉक्स द्या, मूळ कागद वकिलासमोर दाखवा. मोबाइलवर फोटो टाकाल, तेव्हा त्यात कपाट, देवाची चांदी, बिलावरचा नंबर दिसत नाही ना, ते बघा.

फोनवर कुणी म्हणेल, ‘मी फौजेत आहे, घर न बघताच टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, की समजायचं तुमचेच पैसे जाणार.

भावाची घाई करू नका. तुमच्याच सोसायटीत, तुमच्याच पोळात गेल्या वर्षभरात किती घरं कितीला गेली, ते विचारा. जंत्री हा सरकारी दर आहे, बाजारभाव वेगळा. दलाली किती आणि कधी द्यायची, हे पहिल्या भेटीतच ठरवा. समोरचे नवरा-बायको मिळून आले असतील, तर त्यांना सांगा, की दस्तावेज फक्त बाईच्या नावावर केला तर गुजरातमध्ये 1 टक्का नोंदणी फी माफ आहे. स्टॅम्प ड्यूटी 4.9 टक्के भरावीच लागते, पण ही बचतही थोडी नाही. असं सांगितलं, की बोलण्यात मोकळेपणा येतो.

बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, लेखी करा. किती रक्कम, बाकीची कोणत्या तारखेला, व्यवहार मोडला तर काय, सगळं त्यात लिहा. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकराच्या कायद्यात बसत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. ‘थोडे वरचे रोख देतो’ असं कुणी म्हणालं, तर हात जोडा. सगळे पैसे बँकेतून घ्या.

वेळही जरा सांभाळा. कमुरत्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, बहुतेक गुजराती कुटुंबं घराचं बोलणं पुढे ढकलतात. पितृपंधरवड्यातही तसंच. या दिवसांत कुणी आलं नाही, म्हणून घाबरून भाव खाली आणू नका. ते दिवस कागदांना आणि आवराआवरीला वापरा. दसरा, लाभपाचम आणि अक्षय्यतृतीयेच्या आसपास फोन वाढतात.

घर वडिलोपार्जित असेल आणि 2001 च्या आधीचं असेल, तर 1 एप्रिल 2001 ची किंमत मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून काढून घ्या. नफ्यावरच्या कराचा हिशोब त्यावरून होतो. हे काम दस्तावेजाच्या आधी करा. पैसा आल्यावर धावपळ होते आणि चुका होतात.

दस्तावेज झाला, की किल्ली देण्याआधी वीजमीटरचा आणि गॅसमीटरचा फोटो घ्या. घेणाऱ्याकडून ताबापावतीवर तारीख आणि वेळ घालून सही घ्या. वीज कंपनीत, गॅसमध्ये आणि महानगरपालिकेत नाव बदलण्याचा अर्ज त्याच्याबरोबर स्वतः जाऊन द्या. नाव बदलून आलेलं पहिलं बिल बघेपर्यंत तुमची फाइल टाकून देऊ नका.